साउंड कार्डवर ॲम्पची डिस्टॉर्शन मोजायची, पण कार्ड न उडवता

प्रश्न थोडक्यात असा आहे: ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचा शंभर वॉटचा स्टिरिओ बोर्ड बसवलाय, ट्रान्सफॉर्मर ३०-०-३० चा, रेल (बोर्डाला मिळणारा डीसी सप्लाय) अधिक-उणे ४२ व्होल्ट, वाजतोय छान. आता डिस्टॉर्शन, म्हणजे ॲम्पमुळे सिग्नलमध्ये येणारी विकृती, किती टक्के आहे ते लॅपटॉपवर मोजायचंय, त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, आणि स्पीकरची वायर सरळ लॅपटॉपच्या जॅकला लावली तर चालेल का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार, अजिबात लावू नका. सॉफ्टवेअरचं नंतर बघू कारण ते सगळ्यात सोपं काम आहे, फुकट मिळतं आणि अर्ध्या तासात समजतं. खरा प्रश्न असा की ॲम्पच्या आउटपुटला असलेले व्होल्ट कार्डाला झेपतील एवढे खाली कसे आणायचे, आणि ॲम्पचा ग्राउंड, लॅपटॉपचा ग्राउंड आणि घरातलं अर्थिंग हे तिघं एकमेकांना कुठं भेटतायत. हे दोन जमलं की मोजणं जमलंच समजा, आणि हे नाही जमलं तर सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, कार्ड जाईल नाहीतर आकडा खोटा येईल.

हिशोब बघा. १०० वॉट ८ ओहमवर म्हणजे २८.३ व्होल्ट आरएमएस, पीक ४० व्होल्ट. साउंड कार्डाची लाइन इनपुट साधारण १ ते २ व्होल्ट आरएमएसला भरते, आणि लॅपटॉपच्या एकुलत्या एक जॅकमध्ये जी इनपुट असते ती तर माइकची, ती शे-दोनशे मिलिव्होल्टच्या आतच भरून जाते, वर त्या पिनवर माइकसाठी दोन-अडीच व्होल्टचा बायस डीसी पण सोडलेला असतो. तिथं ४० व्होल्ट गेले की कोडेक आयसी (ऑडिओची चिप) जाते, आणि ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे पाचशे रुपयांच्या हौसेपायी मदरबोर्ड दुरुस्तीला. म्हणून पहिला सल्ला असा की या कामाला लॅपटॉपचा स्वतःचा जॅक वापरूच नका. वेगळं यूएसबी कार्ड घ्या, लाइन इनपुट असलेलं. दोनशे रुपयांच्या डोंगलला बहुतेक वेळा माइक इनपुटच असते, मोनो आणि बायसवाली, ती कामाची नाही. कोणी भजनाचं, कीर्तनाचं रेकॉर्डिंग करणारा ओळखीचा असेल तर त्याचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस दोन दिवस मागून आणा, फक्त त्याचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकसाठीचा सप्लाय) बंद ठेवा आणि लाइन इनपुटच वापरा, गिटारची नको.

आता डिव्हायडर, म्हणजे व्होल्ट भागून खाली आणणारी रेझिस्टन्सची जोडणी. इथं बरेच लोक वॉटवरून हिशोब करतात, मी रेलवरून करतो, कारण ॲम्प कितीही बिघडला, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन पूर्ण डीसी बाहेर आला तरी रेलच्या वर काही जाऊ शकत नाही. तुमची रेल ४२, तर ४२ व्होल्ट आले तरी कार्डाला काही होता कामा नये, असा डिव्हायडर बसवायचा. वरच्या बाजूला १० के, खालच्या बाजूला ६८० ओहमचे दोन पॅरलल, म्हणजे ३४० ओहम. भागाकार ३०.४ येतो. २८.३ व्होल्टचे होतात ०.९३ व्होल्ट, आणि पूर्ण ४२ व्होल्ट आले तर १.४ च्या आसपास. खाली एकच ३३० का नको, तर तो एकटा ड्राय सोल्डरने सुटला की १० के मधून सगळेच व्होल्ट कार्डाकडे जातात. दोन असले आणि एक सुटला तरी दुसरा ६८० धरून ठेवतो, लेव्हल दुप्पट होते आणि स्क्रीनवर लगेच कळतं की काहीतरी सुटलंय. हा एका रुपयाचा रेझिस्टन्स मी कधीच वाचवत नाही.

रेझिस्टन्स मेटल फिल्म घ्या, १० के वाला अर्धा वॉटचा. कार्बन नको, त्याची किंमत व्होल्टेजबरोबर किंचित हलते आणि तेवढ्यानं पण डिस्टॉर्शन तयार होते जी ॲम्पची नसतेच. मग ३४० च्या डोक्यावर ग्राउंडकडे ५.१ व्होल्टचे दोन झेनर (ठरलेल्या व्होल्टच्या वर गेलं की वाहू लागणारे डायोड) उलटसुलट सिरीजमध्ये लावा, म्हणजे कुठल्याही बाजूला पावणेसहा व्होल्टच्या वर काही जाणार नाही. कमी व्होल्टचे झेनर लावायचा मोह होतो, २.७ किंवा ३.३ चे, पण ते आधीपासूनच थोडंथोडं गळायला लागतात आणि सिग्नलचं टोक दाबतात, म्हणजे संरक्षणासाठी लावलेला पार्टच डिस्टॉर्शन दाखवतो. झेनरनंतर कार्डाकडे जाताना १ के सिरीजमध्ये, आणि तिथंच १ ते १० मायक्रोचा फिल्म कंडेन्सर असला तर डीसीची पण काळजी मिटली. हे सगळं पत्र्याच्या छोट्या डबीत बसवा, हवेत लोंबकळत ठेवलं की पन्नास हर्ट्झची हम (मेन्सची गुणगुण) गोळा करतं.

एक रेंज पुरत नाही हे पण आत्ताच सांगतो. १ वॉटला आउटपुट फक्त २.८३ व्होल्ट असतं, तीसने भागलं तर ०.०९, मग कार्डाच्या स्वतःच्या आवाजात सगळं बुडतं. म्हणून स्विच टाकून १० के च्या जागी २.२ के, १ वॉटचा लावता येईल असं करा, भागाकार साडेसात होतो. ही रेंज ५ वॉटपर्यंतच वापरायची. स्विच चुकून तिथंच राहिला आणि व्हॉल्यूम वाढवला तरी झेनर आहेत, पण झेनरच्या भरवशावर काम करायचं नाही, ते अपघातासाठी आहेत.

आता ग्राउंड, आणि इथं जरा थांबून वाचा कारण जास्तीत जास्त कार्डं इथं जातात. तुमच्या बोर्डाला दुहेरी रेल आहे, स्पीकरचा मायनस ग्राउंडच आहे, त्यामुळे तो कार्डाच्या ग्राउंडला जोडता येतो. पण गाडीतले ॲम्प, टीपीए३११६ सारखे क्लास डी (स्विचिंग पद्धतीचे) बोर्ड, यात बहुतेक वेळा आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत, मायनस असं काही नसतंच. तो "मायनस" कार्डाच्या ग्राउंडला लावला की अर्धं आउटपुट थेट शॉर्ट. ओळखायचं कसं, तर ॲम्प चालू करून सिग्नल न देता मल्टिमीटर डीसीवर ठेवा आणि सप्लायच्या ग्राउंडपासून स्पीकरच्या मायनसपर्यंत मोजा. शून्य आलं तर ठीक, सप्लायच्या निम्मे आले, २४ च्या सप्लायला १२ वगैरे, तर ब्रिज. ब्रिजला दोन सारखे डिव्हायडर करून दोन्ही टोकं इंटरफेसच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटच्या दोन पिनांवर न्यायची आणि सप्लायचा ग्राउंड कार्डाच्या ग्राउंडला. क्लास डी असेल तर शेवटच्या १ के नंतर ग्राउंडला २.२ नॅनोचा पॉलिस्टर कंडेन्सर पण लावा, नाहीतर स्विचिंगची शेकडो किलोहर्ट्झची घाण कार्डात शिरून स्पेक्ट्रमवर नसलेल्या रेषा दाखवते. साधा सिरॅमिक कंडेन्सर इथं नको, तो स्वतः डिस्टॉर्शन करतो.

लॅपटॉपचा ॲडॉप्टर दोन पिनी असेल तर त्याच्या आउटपुटवर अर्थच्या मानाने शंभरेक व्होल्ट एसी गळतीचे बसलेले असतात, हाताला मुंग्या येतात ते हेच. करंट अगदी कमी असतो पण जॅक खोचताना टोक आधी टेकतं आणि बॉडी नंतर, तेवढ्यात हे व्होल्ट इनपुटमधून जातात. म्हणून मोजताना लॅपटॉप बॅटरीवर, ॲडॉप्टर भिंतीतून काढलेला. याने हमपण निम्म्याहून जास्त जाते. पण याच्याबरोबर एक अट आहे, ॲम्पच्या बॉडीला तिसऱ्या पिनेचं अर्थिंग पाहिजेच पाहिजे. हम येते म्हणून ॲम्पची अर्थ पिन काढून टाकणारे मी खूप बघितलेत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सीझनला दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये तर निम्म्यांची पिन छाटलेली असते. तसं केलं आणि ट्रान्सफॉर्मरची वायर बॉडीला टेकली तर २३० व्होल्ट ॲम्पवरून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून तुमच्या हातावर. हम काढायचीच तर डिव्हायडरच्या डबीतून ॲम्पच्या स्पीकर मायनसकडे जाणाऱ्या ग्राउंड वायरमध्ये १० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टन्स टाका. ग्राउंड लूप तुटतो, आणि कधी क्लिप उलट लागली तर पहिला तो जळतो. अर्थिंगला हात लावायचा नाही.

लोडसाठी स्पीकर नको. एक तर ४० वॉटचा १ किलोहर्ट्झचा आवाज घरात सहन होत नाही, दुसरं म्हणजे ट्विटर जातो, आणि स्पीकरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे हलत असल्यामुळे उद्या परत मोजलं तर आकडा जुळणार नाही. ॲल्युमिनियम बॉडीचे ८ ओहम ५० वॉटचे चार वायरवाउंड घ्या, दोन-दोन सिरीज आणि त्या जोड्या पॅरलल, परत ८ ओहमच, पण २०० वॉटचा लोड. त्यावर लिहिलेले वॉट हीटसिंकवर बसवले तरच खरे, मोकळे ठेवले तर निम्मे पण झेपत नाहीत. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, खोलीच एवढी तापलेली असल्यावर हीटसिंकला थंड व्हायला जागाच उरत नाही, म्हणून पंखा लावा आणि फुल पॉवरला एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, तेवढ्यात मोजून होतं.

जोडणीचा क्रम: सगळं बंद, लोड जोडा, डबी जोडा, ग्राउंडची क्लिप आधी आणि गरम (सिग्नलची) वायर नंतर. डबीच्या वायरी ॲम्पच्या टर्मिनलवरच लावा, लोडच्या टोकाला नको, नाहीतर मधल्या वायरीचा ड्रॉप आणि गंजलेल्या क्लिपची डिस्टॉर्शन पण मोजणीत येते. व्हॉल्यूम शून्यावर. ॲम्प चालू करून आधी आउटपुटचा डीसी बघा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा, नसेल तर मोजणी तिथंच थांबवायची. बोर्ड नवा असेल तर पहिल्यांदा सिरीज बल्बवर (मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये लावलेल्या बल्बवर) चालू करा, पण मोजताना बल्ब काढायचा कारण त्यामुळे रेल बसते. बंद केल्यावर पण फिल्टर कंडेन्सरमध्ये दोन रेल मिळून ८४ व्होल्ट उरलेले असतात, हात घालण्याआधी मीटरने बघा.

आता सॉफ्टवेअर. मी आरईडब्ल्यू वापरतो, रूम इक्यू विझार्ड, फुकट आहे आणि जनरेटर, स्पेक्ट्रम, टीएचडीचा (एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शनचा) आकडा सगळं एकाच ठिकाणी मिळतं. आर्टा पण चांगलं आहे. पण ते उघडायच्या आधी विंडोजमध्ये जाऊन ऑडिओ एनहान्समेंट, नॉइज सप्रेशन, माइक बूस्ट, ऑटोमॅटिक गेन असलं जे काही दिसेल ते सगळं बंद करा, प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा, ४८००० तर ४८०००, नाहीतर विंडोज मध्ये रीसॅम्पल करतं आणि त्याच्या रेषा तुमच्या ॲम्पच्या नावावर लागतात. नोटिफिकेशनचे आवाज पण बंद, जनरेटर चालू असताना मेसेजचा टण्ण आवाज पूर्ण पॉवरने ॲम्पमध्ये जातो. एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार वेगळा करून दाखवणारं गणित) ६५५३६ ठेवा. जनरेटरमध्ये फ्रिक्वेन्सी एफएफटीला लॉक करायचा पर्याय आहे तो टिक करा, मग १००० ऐवजी ९९९.७६ हर्ट्झ दिसेल, घाबरू नका, ती एफएफटीच्या खान्यात बरोब्बर बसणारी फ्रिक्वेन्सी आहे आणि त्यामुळे मुख्य रेषेचं बूड पसरत नाही.

ॲम्प जोडण्याआधी लूपबॅक करा. म्हणजे कार्डाचं आउटपुट त्याच कार्डाच्या इनपुटला साध्या केबलने जोडून डिस्टॉर्शन मोजायची. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तुमच्या सगळ्या मोजणीची किंमत यावर ठरते. बऱ्या इंटरफेसला ०.००२ टक्क्याच्या आसपास मिळतं, स्वस्तातल्या कार्डाला ०.०१ ते ०.०५. लूपबॅकच ०.०२ येत असेल आणि ॲम्प जोडून ०.०२५ आला, तर ॲम्पबद्दल काहीही कळलेलं नाही, तुम्ही कार्डच मोजलंय. आणि दोघांची डिस्टॉर्शन नेहमी बेरीज होते असं पण नाही, फेज उलटी असली तर वजा होऊन आकडा लूपबॅकपेक्षा कमी पण येतो, त्यावर लोक खूश होतात. ॲम्पचा आकडा लूपबॅकच्या निदान चार-पाच पट असेल तरच मी तो धरतो. इनपुटची लेव्हल फुल स्केलच्या ६ ते १० डीबी खाली ठेवा, त्याच्या वर कार्ड स्वतः ताणायला लागतं.

जनरेटर उणे ६० डीबीपासून सुरू करून हळूहळू वर न्या आणि आउटपुटचे व्होल्ट मल्टिमीटरवर बघा. स्वस्त मल्टिमीटर एसीवर ५० ते ४०० हर्ट्झलाच खरं बोलतो, १ किलोहर्ट्झला कमी दाखवू शकतो, म्हणून लेव्हल १०० हर्ट्झवर लावून घ्या आणि मग फ्रिक्वेन्सी बदला. मी १ वॉट, ५ वॉट, ४० वॉट आणि क्लिपिंगच्या (रेल अपुरी पडून सिग्नलचं टोक कापलं जाण्याच्या) जरा आधी अशा ठिकाणी मोजतो.

आणि मोजताना टक्क्याकडे नंतर बघा, आधी स्पेक्ट्रममधल्या रेषा बघा. टक्केवारी ही सगळ्या हार्मोनिक्सची (मुख्य फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा रेषांची) एक गोळाबेरीज आहे, रोग त्यात दिसत नाही. स्केल लक्षात ठेवा, उणे ४० डीबी म्हणजे १ टक्का, ६० म्हणजे ०.१, ८० म्हणजे ०.०१, १०० म्हणजे ०.००१. १ किलोहर्ट्झ देऊन मोजताना २ किलोहर्ट्झची रेष उंच आणि पुढच्या भराभर उतरत्या असतील तर काळजीचं फारसं कारण नाही. ३, ५, ७, ९ अशा विषम रेषांची रांग लागली आणि पॉवर कमी केल्यावर ती मुख्य रेषेच्या मानाने अजून वर आली, तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (सिग्नल एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणारी) आहे, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस (सिग्नल नसतानाचा करंट) कमी आहे. तुमच्या जोडीला एमिटरमध्ये ०.२२ ओहम असतील तर त्याच्या दोन टोकांत १५ ते २५ मिलिव्होल्ट, म्हणजे ७० ते ११५ मिलिॲम्पिअर, असा बायस साधारण लागतो, पण बोर्डवाल्याने वेगळा सांगितला असेल तर त्याचं ऐका. बायस ॲम्प गरम झाल्यावरच लावायचा, आणि जानेवारीत लावलेला मे महिन्यात एकदा तपासायचा, आपल्या हवेत तो हलतोच.

विषम रेषा फक्त वरच्या पॉवरला एकदम उगवल्या तर ते क्लिपिंग. ते कुठं सुरू होतं हे लाइनच्या व्होल्टेजवर अवलंबून आहे, रेल रेग्युलेटेड नाहीये ना. माझं वर्कशॉप अक्कलकोट रोडला, शेजारी यंत्रमाग, माग चालू असताना आणि बंद असताना लाइनमध्ये चांगला फरक पडतो. लाइन १० टक्के पडली की पॉवर २० टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणून आकड्याशेजारी त्या वेळची रेल पण लिहून ठेवा, नाहीतर सकाळचा ८५ वॉट आणि संध्याकाळचा ७० वॉट बघून बोर्डावर संशय येतो. ५०, १००, १५० हर्ट्झच्या रेषा दिसतील त्या हम, डिस्टॉर्शन नव्हे. टीएचडी अधिक नॉइज असा जो आकडा असतो त्यात हम आणि सूं सगळं मिसळतं, त्यामुळे १ वॉटला तो वाढलेला दिसतोच, त्यावरून बायस फिरवत बसू नका, ३ आणि ५ किलोहर्ट्झच्या रेषा बघून ठरवा.

किती आलं म्हणजे चांगलं, हे बोर्डाच्या डिझाइनवर आहे. या जोडीच्या नीट बसवलेल्या बोर्डाला १ किलोहर्ट्झ, ३०-४० वॉटला ०.०१ ते ०.०५ टक्के मला सहसा मिळतात. ०.५ च्या वर गेला तर कुठंतरी बिघाड आहे असं धरून शोधायला लागायचं, बायस, ग्राउंडची वायरिंग, सप्लायच्या वायरी इनपुटजवळून गेल्यात का, या क्रमाने.

फक्त १ किलोहर्ट्झवर समाधान मानू नका, बऱ्याच बोर्डांची खरी अडचण वरच्या फ्रिक्वेन्सीला असते. पण ४८००० च्या सॅम्पल रेटला २४ किलोहर्ट्झपर्यंतच दिसतं, १० किलोहर्ट्झची टेस्ट केली तर फक्त दुसरं हार्मोनिक पकडलं जातं, तिसरं ३० वर असतं ते दिसतच नाही आणि आकडा उगाच सुंदर येतो. कार्ड ९६००० ला चालत असेल तर तसं करा, नसेल तर १९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र देऊन १ किलोहर्ट्झला आणि १८, २१ ला काय उगवतंय ते बघा, ते सगळं कार्डाच्या टप्प्यात बसतं. फक्त ही टेस्ट १०-१५ वॉटच्या आतच करा आणि पटकन आटपा, ॲम्पच्या आउटपुटला झोबेल (रेझिस्टन्स-कंडेन्सरची जोडी) असतो, त्यातला छोटा १० ओहमचा रेझिस्टन्स एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला चांगलाच तापतो.

आधी डबी आणि लोड तयार करा, लूपबॅक काढा. मग लूपबॅकचा आकडा, मोजतानाची रेल आणि १ वॉटचा स्पेक्ट्रम एवढं मला दाखवा, बायस फिरवायचा का नाही ते त्यावरून सांगतो.